दुकानातला स्टँड कोणाकडून बनवून घ्यायचा? कोटेशनच्या आधी आणि नंतर पाहायच्या गोष्टी

22 सप्टेंबर 2025 ला जीएसटीचे दर बदलले. साबण, शाम्पू, केसांचं तेल, टूथपेस्ट 18 टक्क्यांवरून 5 टक्क्यांवर आले, नमकीन 12 वरून 5 वर आलं. दुकानात माल मांडायच्या ज्या स्टँडच्या कपाळावर किंमत थेट छापलेली होती, तो प्रत्येक स्टँड त्या दिवसापासून खोटं बोलू लागला. ज्यावर किमतीची पट्टी सरकवून काढता येत होती, त्याचं काम दोन रुपयांच्या कागदात भागलं. दोन्ही स्टँड बनवताना खर्चात फारसा फरक नसतो. फरक एवढाच की एक बनवणाऱ्याने आधी विचारलं होतं, “भाव बदलला तर काय कराल?”

हा प्रश्न मोठ्या कंपन्यांपुरता राहिलेला नाही. वायगावची हळद, भिवापूरची मिरची, घरच्या तुरीची डाळ, संत्र्याची बर्फी असा माल पाकिटात भरून तालुक्याच्या दुकानांत ठेवणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपन्या आणि बचत गट विदर्भात बरेच आहेत. माल चांगला असतो, पण दुकानात तो मिठाच्या पोत्यामागे जातो. मग कोणीतरी म्हणतं, आपला स्वतःचा स्टँड पाहिजे. दोघं नागपूरला जातात आणि तीन कोटेशन घेऊन येतात. एकाचा भाव 700, दुसऱ्याचा 2,400, तिसऱ्याचा 3,800. चित्र तिन्हींवर जवळपास सारखंच. अशा वेळी बहुतेक जण मधला भाव निवडतात, आणि तिथेच चुकतं.

आधी शब्द समजून घेऊ

या धंद्यात दुकानातल्या जाहिरात-मांडणीच्या सगळ्या वस्तूंना मिळून ‘पीओपी मटेरियल’ (पॉइंट ऑफ पर्चेस, म्हणजे खरेदीच्या जागेचं सामान) म्हणतात. आपल्याकडे पीओपी म्हटलं की छताचं प्लॅस्टर आठवतं, म्हणून फोनवर बोलताना ‘दुकानातला डिस्प्ले’ म्हणा, नाहीतर भलताच माणूस टेप घेऊन छत मोजायला येईल. यात जमिनीवर उभा राहणारा स्टँड येतो, गल्ल्याजवळ ठेवायची छोटी पेटी येते, खिळ्याला अडकवायची जाळी किंवा पट्टी येते, आणि छताला टांगलेला, वाऱ्याने हलणारा डँगलर येतो. पुरवठादार म्हणजे हे सगळं बनवून, छापून, पोचवून देणारा. ‘बनवून, छापून, पोचवून’ ही तीन वेगळी कामं आहेत, हे लक्षात असू द्या. पुढे त्याच्यावर बरंच अवलंबून आहे.

पुरवठादाराच्या आधी दुकान मोजा

शहरातल्या मार्टमध्ये गिऱ्हाईक आत फिरतं आणि हाताने माल उचलतं. खेड्यातल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक ओट्यावर उभं असतं, माल दुकानदार काढून देतो. दुकान दहा बाय बारा फुटांचं, त्यात पोती, डबे, बरण्या, वजनकाटा, आणि वरून शाम्पूच्या लडी लोंबत असतात. तिथे चार फळ्यांचा उभा स्टँड नेला, तर दुकानदार पहिला प्रश्न विचारतो: “हे इथं ठेवलं त झाडू कुठून मारू, भाऊ?” त्याचं म्हणणं बरोबर आहे.

खपाचा हिशेब याहून महत्त्वाचा. समजा हळदीचं पाकीट 200 ग्रॅमचं. 60 सेंटिमीटर रुंद, 45 सेंटिमीटर खोल फळीवर पाच पाकिटं आडवी आणि आठ एकामागे एक, म्हणजे 40 पाकिटं बसतात. चार फळ्यांना 160. गावातलं दुकान महिन्याला 20 पाकिटं विकत असेल, तर स्टँड एकदा भरला की आठ महिन्यांचा माल झाला. एवढा माल उधारीवर कोणी ठेवणार नाही, रोखीने घेणार तर त्याहून नाही. मग स्टँड चतुर्थांश भरलेला राहतो. रिकाम्या फळ्या पाहून गिऱ्हाईकाला वाटतं, जुना माल दिसतो. शेवटी दुकानदार त्या फळ्यांवर काड्यापेट्या आणि बिस्किटं मांडतो.

म्हणून दुकानांचे आधी दोन गट करा. तालुक्याची, बसस्टँडजवळची, गिऱ्हाईक आत शिरतं अशी दुकानं एका गटात. त्यांना उभा स्टँड. खेड्यातली ओट्याची दुकानं दुसऱ्या गटात. त्यांना गल्ल्याशेजारी बारा पाकिटांची पेटी किंवा लडीसारखी टांगायची पट्टी. साठ दुकानांच्या यादीत उभा स्टँड लागणारी दुकानं दहा-बाराच निघाली, तर नवल वाटू नये. निम्म्याहून जास्त पैसा इथेच वाचतो, आणि हे काम कोणताही पुरवठादार तुमच्यासाठी करणार नाही. त्याला साठ स्टँड विकायचे असतात.

प्रत्येक दुकानाचे मोबाइलवर दोन फोटो काढा. टेपने शटरच्या दाराची रुंदी, स्टँडच्या जागेची लांबी-रुंदी आणि भिंतीवरच्या खिळ्याची उंची मोजा. फरशी शहाबादी आहे, कोबा आहे की शेणाने सारवलेली, तेही लिहा. स्टँड रात्री आत ओढावा लागतो का, हे विचारायला विसरू नका. सकाळी ओट्यावर आणि रात्री आत, म्हणजे महिन्याला साठ वेळा ओढाताण. स्टँड मालाच्या वजनाने कमी मोडतात, या ओढाताणीने जास्त मोडतात. पाय आणि फळी जिथे जुळतात तो सांधा आधी ढिला होतो. अशा ठिकाणी चाकं लागतात, तीही तीन इंची आणि लॉकवाली. दोन इंची चाक फरशीच्या सांध्यात अडकतं आणि धक्का दिला की स्टँड तोंडावर पडतो.

पुठ्ठा, सनबोर्ड, लोखंड, बांबू

भावातला मोठा फरक सामानामुळे पडतो, म्हणून हे चार प्रकार ओळखता आले पाहिजेत.

पुठ्ठा म्हणजे खोक्याचाच पुठ्ठा. दोन सपाट कागदांमध्ये एक नागमोडी कागद असला की तीन प्लाय, त्यावर आणखी एक नागमोडी आणि एक सपाट कागद चिकटवला की पाच प्लाय. उभ्या स्टँडला पाच प्लायच्या खाली जाऊ नका. त्यातली नागमोड उभी आहे की आडवी, हे कडेला डोळा लावून पाहा. उभी नागमोड खांबासारखं वजन घेते, आडवी असेल तर घडी पडते. कागद वाचवण्यासाठी कापणारा कधी कधी तुकडा फिरवतो. वरून छपाई असल्याने ते दिसत नाही, महिन्याभराने स्टँड गुडघ्यात वाकतो तेव्हा कळतं.

पुठ्ठ्याचा दुसरा शत्रू पावसाळा. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांवरून 90 वर गेली की पुठ्ठ्याची वजन पेलण्याची ताकद साधारण अर्ध्यावर येते. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तशी हवा नेहमीची. त्यात दुकानदार सकाळी फरशी पुसतो, खालची कड पाणी पिते आणि चार दिवसांत भजी होते. खाली प्लॅस्टिकची पट्टी किंवा चार इंची पाय नसेल, तर पुठ्ठ्याचा स्टँड सप्टेंबर पाहत नाही. उंदीर वेगळेच. डाळ-मसाल्याच्या वासाने ते येतात आणि कुरतडायला पुठ्ठा आयताच मिळतो. दिवाळीच्या पंधरा दिवसांसाठी पुठ्ठा उत्तम, वर्षभरासाठी मुळीच नाही.

सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फेसाळ, हलका पांढरा पत्रा, 3 किंवा 5 मिलिमीटर जाडीचा. छपाई त्यावर सुरेख दिसते. पण पीव्हीसी 65-70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे सावलीतच पारा 45 च्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या बंद टेम्पोत काय होत असेल याचा अंदाज करा. आडवा रचून, वर ओझं ठेवून पाठवलेला सनबोर्ड पापडासारखा वाकून येतो. कपाळपट्टी आणि बाजूच्या पाट्यांना सनबोर्ड ठीक, वजन पेलणाऱ्या फळीला नको.

लोखंडाचा स्टँड पत्र्याचा किंवा तारेच्या जाळीचा असतो. इथे ‘गेज’ शब्द येतो आणि बरीच फसगत त्याच्यामुळे होते. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. 18 गेज म्हणजे सुमारे 1.2 मिलिमीटर, 20 म्हणजे 0.9, 22 म्हणजे 0.7. पण सगळे एकच कोष्टक वापरत नाहीत, म्हणून कागदावर गेज लिहूच देऊ नका, मिलिमीटर लिहून घ्या. माल आल्यावर व्हर्नियर किंवा मायक्रोमीटरने मोजा. गावात कुठल्याही लेथवाल्याकडे ते असतं. पावडर कोटिंगसकट, म्हणजे भट्टीत भाजून बसवलेल्या रंगासकट, मोजलं तर 0.1 ते 0.2 मिलिमीटर जाडी कोटिंगचीच असते, ती वजा करा.

बांबू हा आपल्या मुलखाचा पर्याय आहे आणि तो उगाचच मागे पडलाय. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, गडचिरोली आणि मेळघाटात काम करणारे हात आहेत. 22 सप्टेंबर 2025 पासून पूर्ण बांबूच्या फर्निचरवर जीएसटी 5 टक्के आहे, लोखंडी फर्निचरवर 18. मात्र एक गोष्ट विचारायचीच: बांबूवर बोरॅक्स-बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली आहे का? नसेल, तर सहा महिन्यांत बांबूतून पिवळसर भुकटी गळायला लागते. ती किड्याची करामत, आणि ती भुकटी खालच्या फळीवरच्या हळदीच्या पाकिटांवर पडते. शिवाय बांबूचा प्रत्येक नग थोडा वेगळा येतो. सगळी दुकानं एका मापाची दिसायला हवी असतील तर बांबू नको.

दिव्याचा स्टँड? वीज जाते, व्होल्टेज खालीवर होतं, ॲडाप्टर जळतो, आणि बिल कोण भरणार यावर दुकानदार पहिल्याच महिन्यात पिन काढून ठेवतो. सोडून द्या.

महिन्याला किती पडला, ते बघा

बैल घेताना कोणी नुसता भाव विचारत नाही, दात बघतं. स्टँडचे दात म्हणजे तो किती महिने उभा राहणार. आकडे उदाहरणापुरते घ्या. 700 रुपयांचा पुठ्ठ्याचा स्टँड अडीच महिने टिकला, तर महिन्याला 280 रुपये पडला. 2,400 चा लोखंडी स्टँड तीन वर्षं टिकला, तर महिन्याला 67. वरची छापील पाटी दरवर्षी बदलायला 150 रुपये धरले, तरी वाढ महिन्याला बारा-तेरा रुपयांची. उलट, फक्त पोळ्यापासून दिवाळीपर्यंतच विकायचा माल असेल, तर लोखंडी स्टँड आठ-नऊ महिने दुकानदाराचे कांदे सांभाळेल.

वजनाचाही हिशेब असाच. आपल्या हळदीची भरलेली फळी 8 किलोची. मग 8 किलोची फळी मागायची? नाही. दुकानदार वरच्या फळीवर तेलाचा 15 किलोचा डबा ठेवणार, हे धरून चाला. प्रत्येक फळीला 20 किलो, पूर्ण स्टँडला 80 किलो असं लिहून द्या.

कोटेशन एकाच कागदावर मागवा

पाच जणांना तोंडी सांगितलं की पाच जण पाच वेगळ्या वस्तूंचे भाव देतात. तेव्हा आधी एक पान लिहून काढा: उंची-रुंदी-खोली, फळ्या किती, प्रत्येकीवर किती किलो, पत्रा किती मिलिमीटर, रंग, छपाई कोणती, नग किती, पॅकिंग कसं, माल कुठे उतरवायचा, कोणत्या तारखेला. भाव वाहतूक आणि जीएसटीसह आणि वेगवेगळा दाखवा, हेही त्यातच. ‘भाडं वेगळं’ आणि ‘फिटिंग वेगळं’ हे शब्द कोटेशनच्या तळाला बारीक अक्षरात बसलेले असतात, आणि 2,100 चा स्टँड 2,900 ला पडतो.

नग आणि भावाचं नातंही समजून घ्या. पुठ्ठ्याचे तुकडे कापायला डाय, म्हणजे पात्यांचा साचा, लागतो. त्याचा खर्च 20 नगांवर वाटला काय आणि 500 वर वाटला काय, साच्याची किंमत तीच. म्हणून थोड्या नगांसाठी पुठ्ठा वाटतो तेवढा स्वस्त पडत नाही. लोखंडाला असा साचा सहसा लागत नाही, पंधरा-वीस नगही परवडतात. साच्याचे पैसे तुम्ही दिले असतील, तर तो साचा आणि छपाईची मूळ फाइल तुमची, हे लिहून घ्या. नाहीतर पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे जाताना तेच पैसे पुन्हा जातात.

या कागदाचा आणखी एक उपयोग आहे. तो वाचून जो पुरवठादार उलट प्रश्न विचारतो, दार किती रुंद आहे, रात्री आत घेतात का, भाव बदलला तर काय, तो बरा. तासाभरात नुसता आकडा पाठवणाऱ्याने कागद वाचलेला नसतो.

कारखान्यात गेल्यावर कुठे बघायचं

शोरूममधला नमुना बघू नका. काल भरलेला आणि आज निघणारा माल कुठे आहे ते विचारा. त्याच्या पाठीमागच्या वेल्डिंगवर बोट फिरवा. टोचलं, तर दुकानदाराच्या लेकराच्या हातालाही टोचणार.

पावडर कोटिंग म्हणजे कोरडी रंगपूड विजेच्या भाराने पत्र्यावर बसवून भट्टीत साधारण 180 ते 200 अंशांवर भाजणं. ते टिकतं की सोलतं, हे भट्टीच्या आधीच ठरतं. पत्र्यावरचं तेल आणि गंज काढून त्यावर फॉस्फेटचा थर द्यायला ओळीने टाक्या लागतात. टाक्या कोरड्या पडलेल्या असतील, किंवा “आम्ही फडक्यानं पुसून घेतो” असं उत्तर मिळालं, तर वेल्डच्या जागी कोटिंगखाली गंज तसाच राहतो आणि पहिल्या पावसाळ्यात फोड येतात. तपासायला एक नवं ब्लेड आणि चिकटपट्टी पुरे. रंगावर दोन-दोन मिलिमीटर अंतराने सहा उभ्या आणि सहा आडव्या रेघा पत्रा लागेपर्यंत ओढा, त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबा आणि झटक्याने काढा. चौकोन पट्टीला चिकटून आले, तर तिथून चहा घेऊन परत यायचं.

आता ती ‘तीन कामं’. बरेच पुरवठादार लोखंड एकीकडून करून घेतात, छपाई दुसरीकडून आणि पॅकिंग तिसरीकडून. त्यात गैर काही नाही. पण पाटी फळीला बसत नाही तेव्हा छपाईवाला वेल्डरकडे बोट दाखवतो आणि वेल्डर छपाईवाल्याकडे. म्हणून बिल एकाचं आणि जबाबदारी एकाची, हे आधीच ठरवा. जुन्या तीन गिऱ्हाइकांचे नंबर मागा, आणि त्यांच्यापेक्षाही वर्षभरापूर्वी लावलेला एखादा स्टँड कोणत्या दुकानात आहे ते विचारून तो पाहून या.

नमुना: दोन विटा, एक दोरा, तीन दिवस

पूर्ण ऑर्डरच्या आधी एक नग पैसे देऊन बनवून घ्या. फुकट नमुन्यावर घासाघीस करू नका, फुकटच्या नमुन्याला कोणी जीव लावत नाही. मग तीन परीक्षा.

पहिली वाकण्याची. प्रत्येक फळीवर वजन करून 20 किलो वाळूच्या पिशव्या ठेवा आणि तीन दिवस हात लावू नका. मग फळीच्या दोन टोकांना दोरा ताणून धरा आणि मध्ये दोऱ्याखाली किती फट पडली ते मोजा. 60 सेंटिमीटरच्या फळीला 3 मिलिमीटरपर्यंत चालेल. वजन काढल्यावर फळी सरळ झाली नाही, तर पत्रा पातळ आहे किंवा कडेची घडी कमी आहे.

दुसरी पडण्याची. उंची खोलीच्या तिपटीपेक्षा जास्त नको, म्हणजे 45 सेंटिमीटर खोलीला 135 सेंटिमीटर उंची, हा साधा अंदाज. खालच्या फळ्या रिकाम्या ठेवून फक्त वरच्या दोन भरा, कारण दुकानात तसंच होतं. खालचा माल मुलं ओढून काढतात. आता मागच्या दोन पायांखाली एकेक वीट आडवी सरकवा. आपल्या भट्टीची वीट साधारण साडेसात सेंटिमीटर जाड असते, त्याने स्टँड पुढे सुमारे दहा अंश कलतो. तो डुलून उभा राहिला पाहिजे. पडला, तर खालचा भाग जड करायला सांगा किंवा भिंतीला अडकवायची कडी मागा. दुकानात पडतो तेव्हा त्याच्यासमोर बहुतेक वेळा एखादं पोरच असतं, म्हणून ही परीक्षा टाळू नका.

तिसरी जोडणीची. खोललेला स्टँड, सोबत आलेला कागद आणि पाना एखाद्या दुकानदाराच्या हातात द्या आणि गप्प बसा. वीस मिनिटांत उभा झाला नाही, तर चूक कागदाची किंवा बोल्टची. सगळीकडे एकाच मापाचे बोल्ट असू द्या. सहा मिलिमीटरच्या बोल्टला 10 नंबरचा पाना लागतो आणि तो सायकलच्या दुकानातही मिळतो. बोल्ट दहा टक्के जास्त मागा.

तिन्हींत पास झालेल्या नमुन्यावर दोघांनी सही करायची आणि तो तुमच्याकडेच ठेवायचा. पुढे वाद झाला, तर चित्रापेक्षा तो नग जास्त बोलतो.

मराठी छापताना

संगणकावर नीट दिसणारी मराठी छापखान्यात फुटते. पुरवठादाराच्या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोडची जोडाक्षरं झेपली नाहीत, की ‘शेतकऱ्यांसाठी’मधला ‘ऱ्या’ तुटतो, ‘शुद्ध’मधला ‘द्ध’ उकलून पडतो, आणि ‘शुद्ध हळद’ अशी पाटी अशुद्ध होऊन साठ दुकानांत जाते. मजकूर तुम्हीच तयार करून, अक्षरांचं रेखाचित्रात रूपांतर करून (म्हणजे छापखान्याकडे तो फॉन्ट नसला तरी अक्षर फुटत नाही) पीडीएफ द्या आणि छापण्याआधी एक कागदी प्रत मोठ्याने वाचून तपासा. ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे आहेत ना, तेही बघा. हिंदी वळणाचे आले तर वाचता येतं, पण आपल्या गिऱ्हाईकाला पाटी बाहेरगावची वाटते.

रंग उन्हात एकसारखा उडत नाही. साधारणपणे पिवळा आणि गुलाबी आधी जातो, निळा मागे राहतो. पश्चिमेला तोंड असलेल्या दुकानातली हळदीची पाटी दोन उन्हाळ्यांत निळसर, आजारी दिसायला लागते. लॅमिनेशन लावून घ्या, आणि पाटी स्क्रूने नव्हे तर खाचेत सरकवून बसणारी मागा, म्हणजे बदलणं सोपं. बॅनर लावणार असाल तर 1 जुलै 2022 पासून 100 मायक्रॉनपेक्षा पातळ प्लॅस्टिक-पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. जाडी बिलावर लिहून घ्या.

“एवढं कशाला? गावचा वेल्डर करून देईल की”

दहा-बारा स्टँडला खरंच करून देईल, आणि पुष्कळदा चांगला करून देईल. तुटला तर सायकलवर येऊन टाका मारून जाईल, ही सोय नागपूरचा कारखाना देत नाही. अडचण दोन ठिकाणी. प्रत्येक नग पाच-सात मिलिमीटरने वेगळा येतो, त्यामुळे एका मापाची पाटी सगळ्यांना बसत नाही. आणि रंग ऑइलपेंटचा, ब्रशने मारलेला. तो वर्षभरात उडतो, पाकिटांना डाग लावतो. मधला रस्ता असा: सांगाडा गावात वेल्डरकडून, पहिल्या नगाचा लाकडी साचा करून त्यावरच पुढचे सगळे जोडायचे, आणि कोटिंग जिल्ह्याच्या एमआयडीसीत. तीस नगांच्या खाली हा हिशेब बहुधा जमतो.

“कंपन्या स्टँड फुकट देतात, आम्ही दुकानदारांना काय सांगायचं?”

फुकट स्टँडच्या बदल्यात कंपनी जागा घेते. ‘स्टँडवर दुसरा माल ठेवू नये’ ही अट बहुतेक वेळा त्यासोबत येते. तुम्हीही एक छोटी चिठ्ठी करा: स्टँड आमचा, जागा तुमची, वरच्या दोन फळ्या आमच्या मालाला, खालच्या तुम्ही वापरा. हे उदारपणाचं वाटेल, पण खालच्या फळ्या दुकानदार तसाही वापरणारच. सांगून वापरल्या तर तो वरच्या जपतो.

पोचवायचं कसं आणि पैसे कधी

कुरिअरवाले नुसतं किलोत मोजत नाहीत, आकारमानही मोजतात. लांबी × रुंदी × उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बरेच जण 5,000 ने भागतात. जोडलेला 60 × 45 × 135 चा स्टँड त्या हिशेबाने 73 किलोचा होतो. तोच खोलून 135 × 50 × 12 च्या खोक्यात बसवला तर 16 किलोचा. खरं वजन आणि हे वजन, यांत जे जास्त त्यावर भाडं. म्हणून खोलता येणारा स्टँडच मागा.

सगळा माल एका ठिकाणी, आपल्या गोदामात उतरवून घ्या आणि तिथून आपल्याच मालाच्या गाडीतून दुकानांत न्या. पुरवठादाराला साठ पत्ते दिले की निम्मे स्टँड भलत्या दुकानासमोर उतरतात. धारणीचा घाट किंवा भामरागडकडचा रस्ता मध्ये असेल, तर मालाची तारीख जूनच्या पहिल्या आठवड्याआधीची ठेवा. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटू शकतो, हे नागपूरच्या पुरवठादाराला ठाऊक असेलच असं नाही. कृषी केंद्रात ठेवायचा डिस्प्ले तर मेच्या तिसऱ्या आठवड्यातच लागला पाहिजे; पेरणीच्या गर्दीत दुकानदार तुम्हाला उभंही करणार नाही.

पैशाचे तीन भाग करा: नमुन्यावर सही झाल्यावर निम्मे, माल निघायच्या आधी गोदामात मोजून-पाहून चाळीस टक्के, आणि दहा टक्के दुकानांत लागल्यावर महिन्याने. पुरवठादार सरकारच्या ‘उद्यम’ नोंदणीत असलेला सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार असतानाही त्याचे पैसे 45 दिवसांपलीकडे लांबवता येत नाहीत, करार नसेल तर मर्यादा 15 दिवसांची. मुदत चुकली तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिल्याच्या वर्षीच धरला जातो. तेव्हा नव्वद दिवसांची उधारी मिळवली म्हणून खूश होऊ नका. त्याऐवजी पाच टक्के जास्तीच्या फळ्या आणि दोन चाकं फुकट मागा. वर्षाच्या शेवटी त्याच कामाला येतात.

आणि प्रत्येक स्टँडच्या मागे, खालच्या कोपऱ्यात रंगाने नंबर टाका. दोन वर्षांनी कोणत्या दुकानात तो कांद्या-लसणाखाली दबला आहे, हे पाटी गेली तरी त्यावरून ओळखू येतं.